चाळीसच्या आत

डेपोत त्याला सगळे चाळिशी म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, चष्म्यावरून नाव पडलं असेल. पण चष्मा त्याला नव्हताच. शहरात बसला ताशी चाळीसची मर्यादा होती आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नव्हता. रस्ता मोकळा असो, मागचा हॉर्न वाजवून जीव काढो, काटा चाळीसला टेकायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. गाडीत वेग नोंदवणारं यंत्र होतं. महिनाअखेर साहेब मंडळी ती नोंद तपासायला घेत तेव्हा बाकीचे ड्रायव्हर तोंड लपवत फिरायचे. हा मात्र कँटीनमध्ये पाय पसरून चहा पीत बसलेला असायचा.

नवीन पोरं हाताखाली शिकायला आली की तो त्यांना एकच सांगायचा, "चाळीसच्या आत राहा, मग कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही."

दुसरी त्याची ख्याती वेळेची. फेरी सुटायची वेळ आणि पोचायची वेळ, दोन्ही तो पाळायचा. आता चाळीसच्या वर जायचं नाही आणि उशीरही करायचा नाही म्हटल्यावर मिनिटं कुठून तरी काढायला हवीत. ती तो स्टॉपवर काढायचा. गाडी सुटली की दोन श्वासांत काटा चाळीसवर, आणि स्टॉप अगदी नाकासमोर येईपर्यंत चाळीसवरच. त्याच्याबरोबर ड्युटी लागली की कंडक्टर तिकिटं देताना खांबाला पाठ लावून उभे राहत. त्यांना ती सवयच झाली होती, आणि सवयीच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही.

त्याला एकच लेक. ती शाळेत विज्ञान शिकवायची. सासर त्याच शहरात, त्याच्याच बसच्या मार्गावर. घरात नवरा आणि सासू. नवरा औषधांच्या दुकानात नोकरीला होता. सासूबाई घरीच शाळेचे गणवेश शिवायच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन, बाजूला कापायचं लांब टेबल, आणि भिंतीला टेकवलेले निळ्या-पांढऱ्या कापडाचे तागे. त्यांची जीभ कात्रीसारखी चाले, पण हातही तसाच चाले, त्यामुळे गिऱ्हाईक तुटत नसे. दोरे-बटणं आणायला त्या बाजारात जायच्या तेव्हा मुद्दाम व्याह्यांच्या बसची वाट बघायच्या. घरचा माणूस चालवतोय म्हटल्यावर परक्याच्या गाडीत कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी दुपारी त्या अशाच बाजारातून परतत होत्या. काखेत कापडाचं गाठोडं होतं. व्याह्यांना स्टॉपवर रेंगाळलेलं खपत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आपला स्टॉप यायच्या आधीच त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. स्टॉपच्या अलीकडे सिग्नल होता. तो पिवळा झाला आणि चाळिशीने ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या रेषेच्या आत थांबली. पुढे कुणाला लागलं नाही, मागून कुणी आदळलं नाही. विहीणबाई मात्र बसच्या मध्यापासून निघाल्या त्या पार इंजिनच्या झाकणापर्यंत गेल्या आणि उजव्या हातावर पडल्या.

"बाई पडल्या," असं मागून कुणीतरी ओरडलं तेव्हा त्याने मान वळवली. बाई कोण हे त्याला त्यानंतर दिसलं.

तोच त्यांना इस्पितळात घेऊन गेला. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सासूबाईंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, मशीनवर कधी बसता येईल. डॉक्टरांनी धीर धरा म्हणून सांगितलं, ते त्यांना औषधापेक्षा कडू लागलं.

प्रवासी जखमी झाला की डेपोत चौकशी व्हायचीच. डेपो मॅनेजर एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या, कामाला चोख. त्यांनी यंत्रातली नोंद पाहिली. ब्रेक दाबला तेव्हा गाडीचा वेग चाळीसच्या आतच होता. सिग्नल पाळलेला होता. कंडक्टरने जबाब दिला की बाई गाडी चालू असतानाच उठल्या होत्या. मॅडमनी ड्रायव्हरचा दोष नाही असा शेरा मारला आणि प्रकरण मिटलं.

हा निकाल त्याने बक्षीस मिळाल्यासारखा घरी आणला. बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. पण विहीणबाईंना काय सांगणार? त्यांचा हात निर्दोष मोडला म्हणून?"

रविवारी तो लेकीकडे गेला. पुढच्या खोलीत मशीनवर झाकण घातलेलं होतं. टेबलावर अर्धे कापलेले शर्ट तसेच पडून होते आणि विहीणबाई डाव्या हाताने कात्री धरून बघत होत्या. ती धरता येत नव्हती. त्याने तब्येत विचारली. मग जमेल तितक्या अदबीने त्याने सांगितलं की चौकशी झाली, गाडी चाळीसच्या आत होती असंच निघालं.

विहीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "असणारच," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी हळूच होती हो. मीच वेगात होते."

लेक तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली होती. तिला हसू फुटलं. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं तशी तिने ओठ मिटले आणि कप मांडले.

निघताना लेक त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. हसायला काय झालं होतं, असं त्याने विचारलंच. ती आधी टाळत होती. मग म्हणाली की आई टोमणा मारायला गेल्या, पण बोलल्या ते शब्दन् शब्द खरं होतं. गाडीला ब्रेक लागला, आईंना कुठे लागला होता? गाडी थांबली आणि त्या ज्या वेगात होत्या त्याच वेगात पुढे गेल्या.

"म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय तुला?"

"चूक कुणाची ते मी म्हणालेच नाही, बाबा."

तो चिडला. तुझी शाळा तुझ्या शाळेत, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय, असं काहीतरी बोलून तो तरातरा निघून गेला. त्यानंतर काही दिवस त्याने लेकीला फोन केला नाही. तिनेही केला नाही. तिची अडचण वेगळीच होती. नववीच्या वर्गात ती त्याच सुमारास नेमका हाच धडा शिकवत होती. चाल म्हणजे काय, वेग म्हणजे काय, त्वरण म्हणजे काय. फळ्यावर बस काढायची, प्रवासी काढायचा, आणि मुलांनी विचारलं की प्रवासी पुढे का पडतो, की उत्तर द्यायचं. वर्गात ते उत्तर सरळ होतं. घरी एका बाजूला सासूचं प्लास्टर होतं, दुसऱ्या बाजूला बापाची अब्रू, आणि मध्ये ती.

हात दाखवायला पुन्हा इस्पितळात जायचा दिवस आला. जावयाला सुट्टी मिळेना. चाळिशीची त्या दिवशी सुट्टी होती, आणि बायकोने त्याला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. बोलू नका हवं तर, पण सोबत तरी करा, म्हणाली. टॅक्सी बोलवू का, असं लेकीने सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बस दारात उतरवते, बसायला जागा मिळाली तर बसनेच जाऊ. व्याही आज गाडी चालवणार नाहीत ना, एवढी खात्री मात्र त्यांनी करून घेतली.

बस आली. ड्रायव्हर चाळिशीच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने हात कपाळाला लावून नमस्कार केला. सासूबाईंना आणि लेकीला जागा मिळाली. चाळिशी त्यांच्या बाकाशेजारी उभा राहिला. बसमध्ये तो रोजच असायचा, पण चालत्या बसमध्ये उभं राहून त्याला वर्षं लोटली होती.

गाडी सुटली आणि तो मागच्या माणसाच्या पायावर गेला. माफी मागून तो सरळ होतोय न होतोय तोच पुढचा स्टॉप आला आणि तो खांबावर खांद्याने आदळला. खांद्यातून कळ गेली.

"फारच हाकतोय हा," तो पुटपुटला.

"काटा बघून या," लेक म्हणाली.

तो दांड्याला धरत धरत पुढे गेला. काटा पस्तीसच्या थोडा पुढे होता. शिष्याने त्याच्याकडे न बघताच अभिमानाने सांगितलं, "चाळीसच्या आत आहे, उस्ताद."

तो परत आला, तेव्हा गाडी गोदामांच्या लांब भिंतीलगतच्या रस्त्याला लागली होती. तिथे रस्ता सरळसोट, ना स्टॉप ना सिग्नल. लेक उठून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, डोळे मिटा. गाडी कितीच्या वेगात आहे ते सांगा."

इतर वेळी तो हसला असता. पण खांदा ठणकत होता आणि त्याला स्वतःलाही काहीतरी खटकलं होतं. त्याने डोळे मिटले. इंजिनाचा एकसुरी आवाज होता, पायाखाली बारीक थरथर होती, बाकी काही नाही. पाय आपले जमिनीवर रोवून उभे. दांडा त्याने कधी सोडला तेही त्याला कळलं नाही.

"नाही सांगता येत," तो म्हणाला. "चालू आहे एवढं कळतं, तेही आवाजावरून. वीस असेल, चाळीस असेल."

"आणि ऐंशी असती तरी असंच वाटलं असतं. चालीचा माणसाला धक्का बसत नाही. आता थांबा जरा, स्टॉप येतोय."

स्टॉप आला. तिने त्याचा दंड धरला नसता तर तो समोरच्या बाईच्या मांडीवर बसला असता.

"आता काय कळलं?"

"वेग कमी झाला ते."

"कमी झाला तेच कळलं. वेग नाही कळला, वेगातला बदल कळला. आणि तो बदल किती वेळात झाला, ते कळलं. चाळीसवरून शून्यावर चार सेकंदांत आलात, तर दर सेकंदाला दहा गेले. आठ सेकंदांत आलात, तर दर सेकंदाला पाचच. चाळीस तेच, शून्य तेच. पण पहिल्या वेळी माणूस पडतो, दुसऱ्या वेळी उभा राहतो. या बदलाच्या दरालाच आम्ही त्वरण म्हणतो. वेग वाढताना असतं तसं कमी होतानाही असतं, फक्त उलट्या दिशेचं."

"त्वरण म्हणजे त्वरा? घाई?"

"शब्द तिथूनच आलाय. पण घाईत असलेला माणूस वेगळा आणि घाईने बदलणारा वेगळा. काटा तुम्हाला चाल दाखवतो. ती किती झपाट्याने बदलली, ते काटा सांगत नाही."

त्याने वर पाहिलं. पकडायचे पट्टे वरच्या दांड्याला ओळीने लोंबत होते. गाडी सुटली तसे ते सगळे एकदम मागे गेले. चाळीसला टेकली तसे हलत हलत सरळ झाले आणि सरळच राहिले. गाडी कितीही पळो, बदल होत नसला की ते गुमान खाली बघत होते. पुढे चौकात मधोमध एक गोल बाग होती, तिला वळसा घालून रस्ता जायचा. शिष्याने वेग तसाच ठेवून वळण घेतलं आणि सगळे पट्टे बाहेरच्या बाजूला कलले. उभी माणसंही कलली. लहान मुलाला कडेवर घेतलेल्या एका बाईने दाताखाली ओठ धरून खांब पकडला.

"आता तर चाल बदलली नाही," तो म्हणाला. "तेवढीच होती. मला इथून ऐकू येतंय इंजिन."

"चाल तेवढीच होती. वेग बदलला. वेग म्हणजे किती एवढंच नाही, कुठल्या दिशेने तेही त्यातच आलं. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलला की त्वरण आलंच."

"म्हणजे वळणावरही."

"वळणावरही."

विहीणबाई एवढा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्या मान न वळवता म्हणाल्या, "शाळा सोड आता, लोक बघताहेत."

पुढच्या प्रत्येक स्टॉपला तो फक्त पट्ट्यांकडे बघत राहिला. गाडी सुटताना कसा दम धरवत नाही, थांबताना ब्रेक कसा शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवलेला असतो, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. क्लचवरून पाय उचलायची तऱ्हासुद्धा. त्या पोराला त्यानेच शिकवलं होतं. सीटवर ते पोर होतं, पण पाय चाळिशीचा होता. त्याच्या मनात ते अगदी स्वच्छ आलं आणि त्याला कानकोंडं झालं.

इस्पितळात हाताचा फोटो काढला. हाड जुळलं होतं, पण किंचित वाकडं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मोडून बसवण्याइतकं नाही, काम करता येईल, मात्र मनगट पूर्वीसारखं फिरणार नाही. विहीणबाईंनी काजं करता येतील का असं विचारलं. काज म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावून सांगावं लागलं. मग ते म्हणाले, बारीक कामाचं आत्ताच सांगता येत नाही.

लेक औषधं आणायला गेली. बाकावर दोघंच उरली. बराच वेळ तो समोरच्या भिंतीवरची सूचना वाचत होता. मग म्हणाला, "विहीणबाई, त्या दिवशी सिग्नल मला लांबूनच दिसत होता. बराच वेळ हिरवा होता. म्हणजे आता बदलणार, हे कळायला हवं तेवढी नोकरी झालीय माझी. मी आधीच पाय काढायला हवा होता. काढला नाही. दोन-चार सेकंद वाचतात म्हणून मी शेवटपर्यंत चाळीसवर राहतो आणि मग ब्रेक दाबतो. रोजच तसं करतो."

"चौकशीत हे सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही. सगळ्यांनी वेग किती होता तेच विचारलं. मलाही तेवढंच वाटत होतं."

"मी पडले ते तुम्हाला कधी कळलं?"

"आवाज झाल्यावर."

विहीणबाईंनी प्लास्टरवरून डाव्या हाताची बोटं फिरवली. "मला वाटायचं, घरचा माणूस आहे, आरशात बघत असेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. डोक्यावरच्या आरशात तो बघायचा, पण दार बंद झालं की नाही तेवढ्यापुरतं.

लेक आली तेव्हा बाबांचे डोळे तिला जरा लाल वाटले, पण तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो डेपो मॅनेजरांच्या खोलीत गेला आणि उभ्यानेच म्हणाला की त्या प्रकरणातला जबाब बदलायचा आहे. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं. प्रकरण मिटलंय, नोंदीत वेग मर्यादेत आहे, तुमच्या बाजूने निकाल लागलाय, आता काय काढताय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. त्याने विचारलं, यंत्रात वेग किती सेकंदांत उतरला ते दिसतं का. त्या म्हणाल्या, दिसतं, पण ते कुणी बघत नाही. नियम वेगाचा आहे, धक्क्याचा नाही.

"नियम नसेल," तो म्हणाला. "पण त्या पडल्या त्या धक्क्यानेच. वेगाने पडल्या नाहीत."

मॅडमनी समजावलं की असं लिहून दिलंत तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल, आणि उद्या प्रत्येक ड्रायव्हरचा ब्रेक मोजावा लागेल, तुमचे सोबती तुम्हाला शिव्या घालतील. तो म्हणाला, घालू देत. मग त्याने जबाब लिहून दिला. अक्षर त्याचं चांगलं नव्हतं, मॅडमना दोन ठिकाणी विचारून घ्यावं लागलं.

झालंही तसंच. त्याची ड्युटी काढून घेतली आणि त्याला प्रशिक्षण विभागात बसवलं. सुरक्षित ड्रायव्हरचा मान दर वर्षी त्याच्याकडे असायचा, तो त्या वर्षी दुसऱ्याला गेला. कँटीनमध्ये काहीजण त्याच्या टेबलावरून उठून गेले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर घे, आमच्या पायावर कशाला, असं एकाने तोंडावर सांगितलं. घरी बायको म्हणाली, बरं केलंत, आणि मग पगारात काय फरक पडेल ते विचारून घेतलं.

प्रशिक्षणात त्याने स्टिअरिंगला हात लावू द्यायच्या आधी नव्या पोरांना रिकाम्या बसमध्ये मधोमध उभं करायला सुरुवात केली. काही धरायचं नाही, आणि गाडी दुसऱ्याने चालवायची. आधी तो स्वतःच चालवायचा, आणि पहिल्या काही दिवसांत त्यानेच दोघातिघांना आडवं केलं. पाय ऐकत नव्हता. चाळीसवर जायची त्याला सवय होती, पण चाळीसवर कसं जायचं आणि तिथून कसं उतरायचं हे त्याला नव्याने शिकावं लागत होतं. लांबूनच पाय काढायचा, गाडी आपोआप ढिली पडू द्यायची, मग ब्रेक हलकेच टेकवायचा आणि शेवटच्या क्षणी थोडा सोडायचा, म्हणजे थांबताना गाडी नाक आपटत नाही. लेक एकदा शाळेतून परस्पर डेपोत आली आणि त्या रिकाम्या बसमध्ये उभी राहून दोन फेऱ्या गेली. उतरल्यावर सुटताना अजून जोर लागतोय एवढंच म्हणाली. त्याने मान डोलावली. तिच्या वर्गातली मुलंसुद्धा अशीच मुकाट्याने ऐकतात का, असं तिच्या मनात आलं आणि ऐकत नसतील असं वाटून ती हसली.

पुढे त्याला मार्ग परत मिळाला. तेव्हा नवीच पंचाईत झाली. चाळीसच्या आत, धक्का न देता आणि वेळेवर, ही तिन्ही एकदम जमेनात. दोन जमली की तिसरं सुटायचं. तो रोज उशिरा पोचू लागला. फेरीच्या शेवटी मिळणारी चहाची सुट्टी त्यात गेली आणि कप हातात घेऊन सीटवरच प्यायची वेळ आली. गाडी फार रेंगाळते अशी एका प्रवाशाने तक्रारही केली. ती मॅडमनी त्याला वाचून दाखवली आणि बाजूला ठेवली. त्या मार्गाला वेळ वाढवून द्या, असं त्याने अर्ज करून मागितलं. मुख्य कार्यालयाने पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा मॅडमनी स्वतः मागितलं तेव्हा थोडा वाढवून दिला, हवा होता त्याच्या निम्मा.

विहीणबाई मशीनवर बसल्या. शिलाई पूर्वीसारखीच सरळ यायची. काजं मात्र नीट होईनात. ती त्यांनी सुनेकडे दिली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला काज जमेना याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं आणि ते त्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत. शेवटी काजं बाहेर देऊ लागल्या.

मनगटाचा व्यायाम शिकायला त्यांना आठवड्यातून एकदा इस्पितळात जावं लागे. चाळिशीने एकदा लेकीकरवी निरोप पाठवला की सकाळच्या फेरीला मी असतो, पुढची जागा राखून ठेवतो. विहीणबाईंनी उलट निरोप न पाठवता त्यालाच घरी बोलावून सांगितलं. "राग गेलाय माझा, रागाने नाही म्हणते असं समजू नका. पण त्या दिवशी सोबत होती म्हणून बसने गेले तेवढंच, एकटीने बसच्या दारात पाय ठेवला की मागे फिरावंसं वाटतं. तुमच्याच नाही, कुठल्याही बसमध्ये. मी आता चालतच जाते."

तो बरं म्हणाला. समजूत घालत बसला नाही. पुढच्या आठवड्यात व्यायामाच्या दिवशी त्याची सुट्टी आली तेव्हा तो सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी चपला घातल्या. गोदामांच्या भिंतीच्या सावलीतून दोघं निघाली. त्या शाळांचे रंग कसे दर वर्षी बदलतात आणि जुनं कापड कसं अंगावर पडतं ते सांगत होत्या. तो ऐकत होता, पण थोड्याच वेळात त्याला धाप लागली. सगळी हयात बसून काढलेली, आणि त्या चालायला चपळ. बोलता बोलता त्या बऱ्याच पुढे गेल्या. उत्तर येईना म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. तो भिंतीला हात टेकून उभा होता. त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या आणि तो जवळ आल्यावर त्याला विचारलं, "तुम्हाला पाणी हवंय का?"

तो हो म्हणाला, आणि दोघं कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेली.